माराच्या हातातला कप

"हे नाक माह्यं हाय. साऱ्या गावाले पुसा. नाक माह्यं, कान माह्ये, कानावरचे केसही माह्येच," फाट्यावरचा हॉटेलवाला आमच्या विहाराच्या भिंतीसमोर उभा राहून ओरडत होता. आवाज असा, की पांढरकवड्याच्या जिनात कापूस निवडणाऱ्या बाया हातातलं काम टाकून कान टवकारून बसल्या म्हणतात. मी भिंतीखाली ब्रश धूत बसलो होतो. इतकं गोड मी जन्मात काही ऐकलं नव्हतं.

पोलीस पाटलाला त्यानेच ओढत आणलं होतं. पाटील एकदा भिंतीवर रंगवलेल्या राक्षसाकडे बघे, एकदा हॉटेलवाल्याकडे, आणि मग खोकल्यासारखं करून तोंड फिरवे.

प्रकरण चहाचं होतं. आमचा फाटा नागपूर-हैदराबाद रस्त्यावर, आणि फाट्यावर याचं एकुलतं एक हॉटेल. आत बाकं, काचेचे ग्लास. बाहेर कडुलिंबाच्या खोडाला खिळा आणि खिळ्याला एक कप. कपाचा काठ फुटका, पण कान शाबूत, नाही तर टांगला कुठून असता. तो कप आमच्या अख्ख्या मोहल्ल्याचा. घ्यायचा, पुढे धरायचा, वरून चहा ओतून घ्यायचा, उभ्याने प्यायचा, धुवायचा आणि परत टांगायचा.

छप्पनच्या दसऱ्याला आम्ही सारे नागपूरला जाऊन बौद्ध झालो. घरातले देव नाल्यात सोडले. माय पांढरं लुगडं नेसून परतली ती थेट हॉटेलात शिरली आणि बाकावर बसली. म्हणाली, "शेठ, एक चाय दे."

"ऊठ बुढे," तो म्हणाला. "तुहा धरम बदलला असन. कप नाही बदलला."

बसलेले सारे हसले. माय उठली, खिळ्याकडे न बघता घरी आली आणि त्या दिवसापासून तिने चहा सोडला. आता माझ्या मायच्या अंगात रक्त कमी आणि चहा जास्त. चहा सोडलेली माय अशी काही तापली, की आमच्या कोंबड्या भीतीने दुसऱ्याच्या घरी जाऊन अंडी घालू लागल्या. मी म्हटलं, "माय, घरी करून पे ना." ती म्हणाली, "पेईन तं त्याच्या बाकावर बसून पेईन. नाही तं नाही पेत."

शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला होता म्हणे. पण तो बहुतेक बसने येत असावा, आणि आमच्या फाट्यावर तेव्हा बस थांबत नव्हती.

मी पांढरकवड्याला ट्रक रंगवायचो. कमळं, डोळे, मोर. माझे मोर पाहून जंगलातले खरे मोर ट्रकमागे धावायचे, त्याला माझा इलाज नव्हता. हॉटेलवाल्याचं काय करावं, हे मात्र वर्ष-दोन वर्षं सुचेना. रोज त्याला मनात नवीन मरण द्यायचो. एकदा त्याच्याच कढईत तळला, एकदा रोडरोलरखाली घातला. सकाळी बघावं तर हा आपला खुशाल भजी काढतोय.

मग एका हिवाळ्यात मोहल्ल्याने ओळखीच्या ड्रायव्हरचा रिकामा ट्रक घेतला आणि आम्ही अजिंठ्याला गेलो. लेण्याच्या तोंडाशी एक रखवालदार मोठा आरसा धरून ऊन आत फेकत होता. त्या उजेडात भिंत उठली. मधे सिद्धार्थ मांडी घालून बसलेला, आणि चहूबाजूंनी त्याचं ध्यान मोडायला आलेल्या माराची राक्षसी फौज. कोणाचे डोळे खोबणीबाहेर, कोणाची जीभ छातीवर, कोणाचं तोंड डुकराचं. रखवालदार सांगत होता, "मार त्याले म्हणते, ऊठ, हे जागा तुही नाही. तो काही बोलत नाही. उजव्या हाताची बोटं जमिनीले लावते. जमीन त्याची साक्षीदार."

ऊठ, ही जागा तुझी नाही. मी मायकडे पाहिलं. माय त्या भिंतीकडे पाहत होती आणि तिचा जबडा हलत होता.

बाकीचे पुढच्या लेण्यात गेले, मी तिथेच. रंगवणाऱ्याचं रंगवणाऱ्याला कळतं. इतके जिवंत राक्षस कोणी डोक्यातून काढत नाही. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चिताऱ्याच्या गावालाही एक फाटा असणार, फाट्यावर कोणी तरी बसलेला असणार, आणि या गड्याने त्याला असा भिंतीत गाडला, की राज्यं बुडाली, लेण्यांत वटवाघळं राहून गेली, पण ते थोबाड काही सुटलं नाही. मी तिथल्या तिथे त्याला उस्ताद मानलं.

आमच्या विहाराची रस्त्याकडची भिंत कोरीच होती. परत आल्यावर अजिंठ्यासारखाच गिलावा केला. माती, शेण, धानाचा कोंडा, वर चुन्याचा हात. मायनेच लिंपली. गेरू, पिवडी, काजळी आणि धुण्याची नीळ डिंकाच्या पाण्यात कालवली. एक गोष्ट सोडली तर सारं जुन्या रीतीचं. ती गोष्ट मी कोणाला सांगितली नाही.

सिद्धार्थ मनापासून काढला. मग फौज. फौजेच्या पुढे एक ढेरपोट्या, नाक भज्यासारखं, कानावर केसांची झुडपं, गालावर तीळ. आणि पुढे केलेल्या हातात काठ फुटलेला कप. मोहल्ल्यातला एक म्हातारा म्हणाला, "तथागताजवळ याचं तोंड काहून काढलं बे?" मी म्हटलं, "बाबा, मार नसला तं मारविजय कसा होईन?"

मग काय. हैदराबादकडचे ड्रायव्हर भिंत बघायचे, पुढे हॉटेलात उतरायचे, मालकाकडे बघायचे, परत भिंतीकडे बघायचे. आठवडाभरात त्याचं बारसं झालं. "मारशेठ, दोन चाय लाव." मारेगावहून लोक बैलगाड्या जुंपून बघायला येत. एक कापसाचा दलाल तर माझ्यावर रुसला, म्हणे मीही तुम्हाला कमी छळलं नाही, मला काहून घेतलं नाही.

म्हणून तो त्या सकाळी पोलीस पाटलाला घेऊन आला होता.

"तूच हायस कशावरून?" पाटलाने विचारलं. "इथं नाव तं नाही लिहेल."

"पाटील, हा तीळ पाहा. अन् हा कप. हा माह्याच हॉटेलातला कप हाय, खिळ्यावरचा."

गर्दीतून माय पुढे आली. "कोनासाठी टांगला शेठ तो?"

तो पाटलाकडे बघू लागला. पाटील भिंतीकडे बघू लागला. आता कायद्याला बसची गरज उरली नव्हती. त्याच्याच तोंडची साक्ष पुऱ्या मोहल्ल्यासमोर झाली होती.

हॉटेलवाल्याने चित्रातल्या राक्षसाच्या पायाला बोट लावून पाहिलं. बोटाला गेरू आला. त्याचा जीव जरा खाली पडला. "बाई," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडून हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला, "मी तो कप काढतो. मंग तं हे पुसू द्यान?"

"आधी चाय पाज," माय म्हणाली. होय म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

त्याने साऱ्यांसमोर कप काढून रस्त्यापलीकडे फेकला, खिळाही उपटला. माय आत गेली, मधल्या बाकावर मधोमध बसली आणि काचेच्या ग्लासात चहा घेतला. इतका सावकाश, की तेवढ्यात बाहेर दोन ट्रकांची चाकं बदलून झाली. शेवटी ग्लास पुढे सरकवला. "पानी लय घालतं शेठ," म्हणाली. ग्लास त्याने धुतला.

मग ओलं फडकं घेऊन तो धावतच भिंतीकडे गेला. राक्षस घासला. बाजूचा एक डुक्करतोंड्या निघून गेला, ढेरी निघाली, पाय निघाले. चेहरा मात्र घासेल तसा चकाकू लागला. नाक उजळलं, तीळ उजळला, हातातला कप तर नवा दिसू लागला. फडकं लालेलाल करून, घाम गाळत तो माझ्याकडे वळला. "हे काहून नाही निघून राह्यलं बे?"

"तेवढा ट्रकचा रंग हाय," मी म्हटलं. "निघत नाही."