बंकटआबा काटे शिकतात

"आबा, इंजिन बोंबलत व्हतं."

"इंजिन हाय, बोंबलणारच."

"तसं न्हाई. पंखा वर आला व्हता. पाणी सोडून हवा कापत व्हता, आन् तुमी आपले बटन दाबूनच बसले."

"शेरडं म्होरं पळाली. बोटीचं तोंड पाण्यात चाललं व्हतं. मग इंजिन वर नको घेऊ?"

"घ्या की. पण किती? काटा बघितला का?"

"मला काटा लागत न्हाई. मी आवाजावर चालवतो."

बोटीचं इंजिन बघणारा सटवा बोटीतून उतरला, धरणाच्या पाण्याकडं तोंड करून उभा राहिला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "आबा, चहा घेता का?"

बंकटआबा दोर खुंट्याला गुंडाळत राहिले. सटवा वळला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"आयकू येतं का तुमाला?" तो समोर येऊन म्हणाला. "खरं सांगा."

आबांनी दोराला आणखी एक गाठ मारली.

मच्छीमार सोसायटीची ही मोटरबोट आबा पहिल्या दिवसापासून चालवतात. सकाळी मासळीचे क्रेट, नंतर पल्याडच्या माळावर शेरडं चारायला नेणारी माणसं. माणूस जागेवर बसतो, शेरडू बसत नाही. काठ दिसला की सगळी शेरडं पुढं धावतात आणि बोट नाक खुपसते. मग मागं टांगलेलं इंजिन बटन दाबून जरासं वर उचलायचं, की नाक उठतं. यालाच ट्रिम म्हणतात. जास्त उचललं की पंख्याला पाणी मिळत नाही, इंजिन किंचाळतं. आबा त्या किंचाळण्याच्या केसभर अलीकडं थांबायचे. पुढच्या काट्यांच्या तबकड्या उन्हात चमकून डोळ्यांवर येतात म्हणून त्यांनी खांद्यावरची दस्ती त्यांच्यावर कायमची टाकलेली.

कान हळूहळू गेले. आधी भजनातल्या चिपळ्या गेल्या, मग भजन. बाहेर कामापुरतं बोलणं आबा समोरच्याच्या ओठांवरून ओळखायचे. घरात बायकोनं, ताराबाईंनी, दोन-चार महिने सगळं मोठ्यानं सांगून पाहिलं. पण शेजारणीची म्हैस काल रुसली होती, हे कुणी तीनदा ओरडून सांगतं का? तिसऱ्यांदा ते गमतीचं राहतच नाही. मग घरात फक्त कामाचं बोलणं उरलं. जेवा. निजा. दिवा घालवा. तेही हातवाऱ्यांनी.

"बीडला जाऊन कान दाखवा," ताराबाईंनी खूण केली होती.

"बीडच्या स्टँडवर अर्धा गाव भेटतो," आबा म्हणाले होते. "संध्याकाळपर्यंत सोसायटीत कळंल. भैऱ्याच्या हातात कोण बोट देईल?"

सटवानं सोसायटीत सांगितलं नाही. दस्ती मात्र काढून टाकली.

"काटे शिका. जमलं तर ठीक. न्हाई तर मला सांगावंच लागंल, आबा. बोटीत माणसं असत्यात."

आबा शिकले. निघताना ट्रिमचा काटा तळाला. वेग धरला की एकेक टिचकी वर. आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांच्या, काट्यानं उडी मारली आणि काठ काही लवकर जवळ येईना, म्हणजे पंखा हवा खातोय, खाली घ्यायचं. तिसरा काटा इंजिनाच्या तापाचा, तो मधल्या रेघेच्या वर जाऊ द्यायचा नाही. आबांची नजर त्या तिन्हींवर अशी बसली, की लांबून वाटावं, माणूस मोबाईल बघतोय.

पूर्वी ही नजर बोटीतल्या माणसांवर असायची. आता शेरडं घेऊन रोज पल्याड जाणारी तुळजाबाई मागून बोलायची, तेही कळायचं नाही. शेरडं राखून राखून तिचा आवाज असा खणखणीत झालेला, की आबांना अजून ऐकू येणारं ते एकच माणूस होतं, आणि तीही जवळ येऊन बोलली तरच. ती येऊन सांगायची: कुणाची शेळी व्याली, कुणाची सून माहेरी गेली. आबा हसायचे. दिवसभरातलं तेवढंच हसणं.

त्या संध्याकाळी परत येताना अलीकडचा काठ दिसला आणि शेरडं पुढं लोटली. आबांनी एक टिचकी दिली, दुसरी दिली. काटे जागच्या जागी. नाक सुरेख उठलं. आबांना बरं वाटलं, फार दिवसांनी.

मग कुणीतरी मागून त्यांची कॉलर धरून ओढली.

तुळजाबाईचं तोंड उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. तिनं पाण्याकडं बोट केलं. बरंच मागं पाण्यावर करडाचे दोन कान दिसत होते. आबांनी बोट वळवली, जवळ जाऊन इंजिन बंद केलं. तुळजाबाईनं आडवं पडून करडू वर ओढलं. ते जगलं. ती कितीदा ओरडली असेल, हे विचारायचं आबांचं धाडस झालं नाही.

काठावर सटवा उभा होता, खुशीत.

"आज इंजिन लई सरळ वाजलं, आबा. जमलं की."

आबा त्याच्या ओठांकडं बघत होते. "काटे जागेवर व्हते."

"हे करडू काहून भिजलं?"

तुळजाबाई पदर पिळत होती. पिळायची थांबली आणि आबांकडं बघत राहिली. तिनं त्यांना खरं सांगायला पुरता वेळ दिला.

"पाणी उडालं," आबा म्हणाले.

सटवानं मान डोलावली आणि तो क्रेट उचलायला गेला.

"तुळजाबाई," आबा हळूच म्हणाले, "उद्या येशील न्हवं?"

त्यांनी नजर तिच्या ओठांवर ठेवली. ओठ हलले नाहीत. तिनं करडू खांद्यावर घेतलं, शेरडं पुढं घातली आणि ती चढण चढून निघून गेली.