चारशे बारा घरचा पयला वाटा

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाई. पण ही गोष्टच त्याईची हाय, अन् दरवेळी "आमचे हे, आमचे हे" करत बसली तर ऐकणाऱ्याचं डोकं फिरन. म्हणून एकदा नाव घेते अन् मोकळी होते. उमाजी. वय चौपन्न, शिक्षण दहावी, धंदा मासे मारणं अन् जाळं शिवणं. सहा वर्षांपासून आमच्या मच्छीमार संस्थेचे सचिव. मी ताराबाई, त्याईची बायको. ते मासे धरतात अन् मी मुलचेऱ्याच्या, अहेरीच्या बाजारात नेऊन विकते.

माणूस गरीब स्वभावाचा, पण चिकट. जाळं शिवाले बसले का उठतच नाईत. अख्खं जाळं मांडीवर घेऊन बोटानं चाचपत जाणार, अन् कुठी एक डोळा फाटका भेटला तरच त्याईच्या जिवाले बरं वाटणार. लग्न होऊन तीस वर्षं झाली, मी एवढ्या वर्षांत त्याईले गरम भात खाताना मोजून दहा वेळा पाह्यलं असन. अशा माणसाच्या हाती कॉम्प्युटर लागला तर काय होते, ते मी सांगते.

आमच्या गावात त्रेसष्ट घरं त्या एका तलावावर जगतात. तलावाचा ठेका पाच वर्षांचा असते, अन् यंदा तो संपत होता. मागच्या वर्षी ठेक्याचे पैसे भराचं पत्र मेलवर आलं. अन् मेलचा पत्ता होता कुणाच्या हाती? एका दुकानदाराच्या. संस्थेचा पत्ता त्यानंच फुकटात काढून देला होता, पासवर्ड त्याच्याच मोबाईलात. तो दुकान बंद करून गेला निघून. पत्र अकरा दिवस तसंच पडून राह्यलं. उमाजी चार गावं फिरले तेव्हा तो भेटला. ठेका देणारा साहेब भला माणूस होता, त्यानं मुदत वाढवून देली, पण म्हणला, "या टायमाले चालवून घेतो. पुढच्या टायमाले नाई."

त्या दिवशी हे घरी आले अन् जेवता जेवता म्हणाले, "तारा, आता पत्ता आपल्या नावाचा पायजे. पेटी आपली, चाबी आपली."

मले वाटलं होईन चार दिवसात. लागले आठ महिने.

आधी संस्थेच्या नावाचा डोमेन घेतला. मंग कुठी तरी मुंबईकडे ठेवलेली एक मशीन भाड्यानं घेतली. ती मशीन कोणी पाह्यली नाई, आम्ही तर नाईच, पण हे तिच्याशी असे बोलत जशी घरची म्हैस हाय. नेटवर्क आमच्या गावात एकाच जागी येते, तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली. बाजार करून आली का मी पाह्याची, हे तिथी मांडी घालून बसलेले, पुढ्यात संस्थेचा जुना लॅपटॉप, बाजूले वही. गावच्या बाया मले इचारत, "तारा, तुह्या बुवाले काई झालं का व?" मी म्हणायची, "झालं ना. पोट्टा झाला." दुसरं काय सांगू.

मेल पाठवून पाह्याचा कोणाले? आमच्या पायलले. पायल आमची पोरगी, नागपूरले दवाखान्यात नर्स हाय. पयला मेल गेलाच नाई. नंतर समजलं का मशीनवाल्याईनं बाहेर जाणारा दरवाजाच बंद ठेवला हाय, नवीन माणसाले तो मागून घ्या लागते. तलावाचं पाणी सोडाची मोरी असते ना, तिले आम्ही तुडुम म्हणतो. हे म्हणाले, "तुडुमच बंद हाय, पाणी शेतात जाईन कसं?" अर्ज केला, तुडुम उघडलं. मेल गेला, तर पायलच्या कचऱ्याच्या पेटीत पडला.

मी म्हणलं, "इतके महिने बसून कचऱ्यात टाकाले शिकले का?"

ते हसले. राग येत नाई त्या माणसाले, अन् त्याचाच मले राग येते. म्हणाले, "अवं, तू अहेरीच्या बाजारात नवीन जागी बसली, तर लोकं इचारतीन का नाई, कोण्या गावची, कोणाची? समोरची मशीनही तसंच इचारते. आपल्या नावानं कोण कोण पाठवू शकते, त्याची यादी लावा लागते. कागदावर शिक्का लागते. अन् मशीनच्या नंबरावरून इचारलं तर आपलंच नाव निघालं पायजे."

एकेक करून लावलं. यादी लावली, शिक्का लावला, नंबराले नाव देलं. वहीत सगळं लिहिलं, चुकलं ते लाल पेनानं. अन् एक दिवस मी पाळीवर डबा घेऊन गेली, तेव्हाच पायलचा फोन आला, "आई, बाबाचा मेल समोरच्या पेटीत आला." हे पाळीवरून घरी आले ते चप्पल विसरून.

इथपर्यंत सगळं बरं होतं. पुढं जे झालं, ते आमच्याच गावच्या माणसाच्या हातून होऊ शकते. दुसऱ्याच्या नाई.

आमच्याकडे रीत हाय. तलावात हंगामाचं पयलं जाळं ओढलं का त्या दिवशी एक मासा विकत नाईत. पयला वाटा घरोघरी जाते. ज्याच्याशी बोलणं बंद हाय त्याच्याही घरी. शाळेच्या मास्तराले, पाटलाले, बाजूच्या बंगाली पाड्यातल्या ओळखीच्या घराईले. बायाईनं माशाचा गंज, म्हणजे पातेलं, डोक्यावर घ्याचा अन् दारोदार फिराचं. सगळ्यात शेवटी, उरलं तर, जाळंवाल्याच्या घरी. तीस वर्षांत माह्या घरी पयल्या दिवशी कधी डोकं आलं, कधी शेपूट.

उमाजीचा मेल चालू झाला, म्हणजे त्याईच्या हिशेबानं पयलं जाळं ओढलं. मंग वाटा नाई द्याचा? वहीत पत्ते होते चारशे बारा. बाहेर कामाले गेलेली गावची पोरं, जिल्ह्यातल्या सगळ्या संस्था, हापिसं, बँक, शाळा, मासे घेणारे व्यापारी. एकही सोडला नाई. सगळ्याईले एकाच बैठकीत मेल, "आमच्या संस्थेचा स्वतःचा पत्ता चालू झाला. पयला निरोप तुमाले."

सकाळी पाळीवर गेले तर पेटीत वापस आलेल्या मेलाचा ढीग. नवीन मशीन, कोणाच्या ओळखीची नाई, अन् एका दमात चारशे लोकाईच्या दारावर थाप. समोरच्या मशीनाईले वाटलं हा कोणी फसवणारा हाय. आमच्या संस्थेचं नाव चोराच्या यादीत गेलं, अन् मोठ्या मोठ्या मेलवाल्याईनं दरवाजे लावून घेतले. पायलले पाठवला, तोही वापस.

अन् ठेक्याच्या अर्जाले उरले होते नऊ दिवस.

नियम असा, का अर्ज मेलनंच द्याचा, अन् संस्थेचा जो पत्ता नोंदवला हाय त्याच पत्त्यावरून. नोंदवलेला पत्ता कोणता? हाच, नवा. महिनाभर आधी उमाजीनं छाती फुगवून नोंदवला होता. बदलाचा म्हणलं तर पंधरा दिवस. म्हणजे नऊ दिवसात मेल पोचला नाई, तर त्रेसष्ट घराईचा तलाव दुसऱ्याच्या हाती.

मी काय बोलली ते आता सांगाची लाज वाटते. म्हणलं, "लोकं फुकटचा पत्ता वापरतात ते येडे हायत का? तुमालेच काऊन मोठेपणा सुचला?" ते उठले, जाळं घेऊन बसले, पण हात चालत नव्हता. तीस वर्षांत मी त्याईचा हात थांबलेला पाह्यला नव्हता.

दुपारी त्याईनं स्वतःच संस्थेची बैठक बोलावली. उभं राहून सांगतलं, "चूक माही हाय. मशीनची नाई, कोणाची नाई. एकदम पाठवाचं नव्हतं, मी पाठवलं."

कोणी ओरडलं नाई. ओरडलं असतं तर बरं झालं असतं. लटारूभाऊ आमच्यातले सगळ्यात म्हातारे, त्याईनं इचारलं, "मंग आता उपाय काय हाय, उमाजी?"

"यादीतून नाव काढाचा अर्ज केला, भाऊ. पण ओळख होईपर्यंत दरवाजे नाई उघडत. थोडे थोडे पाठवा लागते. अन् समोरच्यानं कचऱ्यातून काढून म्हणलं पायजे, हा माणूस आपला हाय. त्यानं उत्तर देलं पायजे. जेवढी उत्तरं येतीन तेवढी ओळख."

मी मागं बायाईत बसली होती. ते ऐकलं अन् मले एकदम गंज आठवला. आमच्या रितीचा अर्धा भाग माणसाईले माहीतच नाई, कारण तो बायाईच्या हातचा हाय. ज्या घरी वाटा जाते, ते घर गंज रिकामा वापस करत नाई. मूठभर तांदूळ, चार मिरच्या, काईच नाई तर अंगणातलं एक लिंबू. रिकामा गंज वापस देणं म्हणजे आम्ही तुमाले ओळखत नाई, असं होते.

मी उभी झाली. बैठकीत मी कधी बोलत नाई, घरी बोलते तेवढं पुरते. म्हणलं, "वाटा गेला तो गेला. गंज कुठी वापस आले? ज्याईले दरवाजे बंद व्हाच्या आधी भेटला, त्याईच्या कचऱ्यात पडून हाय ना? मंग काढाले सांगा. पोरं आपलीच हायत. ज्याच्या त्याच्या मायनं फोन लावा."

मंग लटारूभाऊची सून भागीरथा उठली, मोबाईल घेतला अन् पाळीकडे चालाले लागली. तिच्या मागं बाकीच्या बाया.

चार दिवस पाळीवर जत्रा होती. कोणी तेलंगणात मिरची तोडाले गेलेल्या लेकाले फोन लावून राह्यली, कोणी पुण्याच्या कंपनीतल्या पोरीले. "कचऱ्याची पेटी उघड बाबू. आपल्या संस्थेचा मेल दिसते? काढ बाहेर. अन् काईतरी लिहून पाठव, गंज रिकामा नको देऊ." पोरं हसत, पण लिहीत. हैदराबादहून भूपेशनं लिहिलं, "काका, मरळ निघाली का? तोंडाले पाणी सुटलं." करिष्मानं लिहिलं का तिच्या लेकराचा दात आला. एकानं नुसतं लिहिलं, "आईले सांगा मी जेवलो." उमाजी एकेकाले उत्तर देत. पयल्या दिवशी पाच, दुसऱ्या दिवशी दहा, मंग वीस. जास्त नाई. जाळं शिवताना जसं, तसं. पाचव्या दिवशी चोराच्या यादीतून नाव निघालं. सहाव्या दिवशी पायलचा फोन, "बाबा, समोर आला."

आठव्या दिवशी अर्ज पाठवला. वापस आला नाई. पण पोचला का? ते कोण सांगन. रात्री त्याईनं ताट सरकवून देलं. नवव्या दिवशी सकाळपासून पाळीवर. मी बाजारले गेलीच नाई, पयल्यांदा. अंगणात बसून राह्यली, अन् देवाले म्हणलं, माह्या तोंडचे शब्द मी वापस घेते, एवढं होऊ दे.

दुपारी ते आले. हळूहळू चालत आले म्हणून मले वाटलं, गेला तलाव. मोबाईल माह्यापुढं धरला. एकच ओळ होती, "आपला अर्ज मुदतीत प्राप्त झाला." मी तीनदा वाचली. मंग रडली, अन् रडता रडता त्याईलेच ओरडली का एवढं हळू काऊन आले. म्हणाले, "धावलो असतो तर पडलो असतो."

महिन्याभरानं ठेक्याचा कागद आला, आमच्याच नावाचा.

त्या दिवशी संध्याकाळी अंगणात जाळं शिवता शिवता ते म्हणाले, "सगळे गंज वापस आले. एकच नाई आला."

"कोणाचा?" मी इचारलं.

"पाह्य ना," म्हणाले, अन् मान खाली घालून शिवाले लागले.

आता, त्याईनं मलेही एक पत्ता काढून देला होता. माह्या नावाचा, संस्थेच्या डोमेनचा. मी तेव्हाच म्हणलं होतं, मासे विकणारीले मेल कशाले. माह्या मोबाईलात त्याईनं लावून ठेवला, अन् मी एकदाही उघडला नव्हता. चुलीवर भात ठेवून, मोबाईल घेऊन पाळीवर गेली, नेटवर्क आलं, बोटानं दाबत दाबत उघडला. एकच मेल होता, त्याच वाट्याच्या दिवशीचा. तो कुठी अडकला नव्हता, कचऱ्यात गेला नव्हता. एकाच मशीनवरचा, घरातल्या घरात, त्याले बाहेर जाचं कुठी होतं. मी वेळ पाह्यली. पोराईले गेलेल्या मेलाची वेळ मी पाळीवर पाह्यली होती; बाकीचे चारशे अकरा त्याच्या मागून गेले होते.

लिहिलं होतं, "तारा, तीस वर्षं तुले शेवटचा वाटा भेटला. हा पयला तुहा."

मी मोहाच्या झाडाखाली बसली, त्याईच्याच जागेवर. किती वेळ बसली माहीत नाई. या माणसाले मी मोठेपणा करते म्हणलं होतं, सगळ्या गावापुढं नाई, पण घरात म्हणलं होतं, अन् तेव्हा हा मेल माह्या पदराच्या गाठीतल्या मोबाईलात पडून होता.

मले लिहिता येते, पण मोबाईलवर सवय नाई. एकेक अक्षर शोधून दोन शब्द लिहिले अन् पाठवले.

"जेवाले या."

घरी नेटवर्क नाई, तो मेल त्याईले भेटलाच नसन, तरी घरी आली तर ते ताटावर बसले होते. भात गरम होता.