काटकीच्या पंचवीस फेऱ्या

माझ्या भाचीला घरात सगळे काटकी म्हणतात. अकराव्या वर्षी म्हणत, आज सव्विसाव्या वर्षीही म्हणतात. काटकी मोडते आणि ही मोडत नाही, एवढं साधं नाव ठेवणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. ठेवणाऱ्यांत मीच पहिली होते.

मी शाळेत शिकवायचे आणि ती माझ्याच वर्गात विद्यार्थिनी होती. मैदानावर पळायची आणि फेऱ्या मोजताना हमखास चुकायची. सहा झालेल्या असायच्या, ही आठ म्हणून मोकळी. एकदा मी वैतागून म्हटलं, "आकडे डोक्यात राहत नसतील तर हजेरी घे. दर फेरीला पटावरची एक मुलगी." वर्गात बरोबर पंचवीस मुली, प्रत्येकीला टोपणनाव. पहिली गोगलगाय, आठवी खोडरबर, सतरावी शिंकरी. पंचविसावी वर्षभरात वर्गात दिसलीच नाही, तिला सगळ्या गैरहजर म्हणत. त्या दिवसापासून काटकीची एकही फेरी चुकली नाही. दहा हजार मीटरची शर्यत म्हणजे पंचवीसच फेऱ्या, हे आम्हा दोघींना फार नंतर कळलं.

तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, नळदुरुस्ती करतो. त्याचं म्हणणं, "गोल पळून माणूस परत तिथेच येतो. त्याला शिकवणी कशाला लागते?" बाविसाव्या वर्षी तिला परदेशातल्या एका क्लबाने बोलावलं, तेव्हा तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. क्लबाला अर्ज मी लिहिला होता ना.

तिथे दोन खोल्यांत चार मुली. खिडकीत ओले बूट, बुटांत कोंबलेली वर्तमानपत्रं. पहाटे सराव, मग दुपारपर्यंत एका हॉटेलच्या धोबीखान्यात चादरींच्या घड्या, संध्याकाळी पुन्हा सराव. पहिल्या वर्षी नडगीचं हाड चिरलं. "ये परत," बाप म्हणाला. "हाड तिकडे येऊन लवकर जुळतं का?" हिने विचारलं आणि फोन ठेवला. चौतीस मिनिटं चाळीस सेकंदांवरून ती तेहेतीस पंधरावर आली, तिथून बत्तीस एकतीसवर. क्लबाचा नियम स्पष्ट होता: चौथा हंगाम संपायच्या आत बत्तीस मिनिटं दहा सेकंदांत शर्यत पूर्ण करायची, नाहीतर खाट रिकामी करायची.

त्या हंगामातली शेवटची शर्यत बघायला मी गेले. मैदान लहान, घड्याळं जुनी. प्रत्येक धावणारीच्या फेऱ्या कागदावर लिहायला खुर्च्यांवर माणसं बसलेली. काटकीच्या वाट्याला पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले होते. चष्मा, पेन्सिल, मांडीवर फळी. ती रेषेवरून गेली की वेळ लिहायची, एवढंच काम.

मी फेऱ्या मोजत नव्हते. खोटं कशाला बोलू? मी तिची पावलं बघत होते.

शेवटी ती अशी सुटली की मी खुर्चीवरून उठलेच. रेषा ओलांडली, थांबली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. पोस्टवाले हात हलवून ओरडत होते, "अजून एक! एक फेरी राहिली!"

"झाल्या माझ्या," ती म्हणाली.

"पळ!" तिचे प्रशिक्षक कठड्यावरून गरजले. "भांडण नंतर कर, आधी पळ!"

ती हलली नाही. मुख्य पंच आले. उंच बाई, गळ्यात शिट्टी. "चोवीसवर थांबलात, म्हणजे शर्यत सोडलीत." त्यांनी तिच्या नावापुढे काट मारली.

प्रशिक्षक माझ्याकडे वळले. "तुम्ही मोजल्यात ना? सांगा त्यांना, पंचवीस झाल्या म्हणून."

"मी मोजल्या नाहीत."

"मग म्हणा मोजल्या!"

"म्हणणार नाही. पण ती चुकलेली नाही."

"एक फेरी जास्त मारली असती तर काय झिजली असती का?" ते माझ्यावरच खेकसले.

उत्तर काटकीने दिलं. "सव्वीस फेऱ्यांची शर्यत नव्हती, सर." मग पंचांना म्हणाली, "मला कागद बघायचाय."

"कागद धावणाऱ्यांना दाखवत नाहीत."

"मग तुम्ही बघा. मी इथेच उभी आहे." आणि ती रेषेवर उभी राहिली. पुढच्या शर्यतीची पोरं येऊन ताटकळली. कुणीतरी हसलं. तिने तिकडे पाहिलंही नाही.

"सतराव्या फेरीची वेळ बघा," ती म्हणाली. "शिंकरीच्या वेळी मागच्या दोघी मला गाठून पुढे गेल्या. रेषेवर आम्ही तिघी एकदम होतो."

"कोणाच्या वेळी?"

"ते सोडा. सतरावी बघा."

पंचांनी नाइलाजाने कागद घेतला. एकेक फेरी सत्त्याहत्तर सेकंदांची, कधी शहात्तर. आणि सोळाव्या नोंदीनंतर एकदम दोन मिनिटं चौतीस सेकंदांचा खड्डा.

"मधे मी काय बसून डबा खाल्ला?" काटकीने विचारलं.

पोस्टवाल्यांनी चष्मा काढला. "तिघी आल्या खऱ्या," ते हळूच म्हणाले. "मी दोघींकडे बघत राहिलो. हिची लिहायची राहिली."

कागदावर तिची शेवटची नोंद चोविसाव्या ओळीत होती, बत्तीस मिनिटं आठ सेकंद. पंचांनी चोवीस खोडून पंचवीस केले, काट पुसली आणि सही केली. माफीबिफी काही मागितली नाही. काटकीनेही मागून घेतली नाही.

जाताना प्रशिक्षक पुटपुटले, "दैव बलवत्तर. पुढच्या वेळी मुकाट्याने एक जास्त पळायचं."

"नाही पळणार."

मी भावाला फोन लावला, दोन सेकंद राखून जमलं म्हणून सांगितलं. "म्हणजे परत येत नाही तर," तो म्हणाला. मग विचारलं, "दोन सेकंद म्हणजे किती गं?" मी त्याला सांगितलं, तू नळ बंद केल्यावर जेवढे थेंब पडतात तेवढे. "माझ्या नळातून नाही पडत," म्हणाला आणि फोन ठेवला. कोणाची पोर आहे ते तेव्हा कळलं.

नव्या हंगामाच्या पहिल्या शर्यतीला पंचबाईंनी स्वतः येऊन विचारलं, "लेखनिक बदलून देऊ?"

काटकीने खुर्चीकडे पाहिलं. पोस्टवाले पेन्सिलीला टोक काढत होते, तिसऱ्यांदा.

"यांनाच ठेवा," ती म्हणाली. "आता झोपेतसुद्धा माझी फेरी विसरायचे नाहीत."