वांग्याच्या झाडाचा पाठ

छडीचं टोक माझ्या टाचेच्या भेगेत होतं.

"पाहा मुलींनो," मोठ्या बाई म्हणाल्या, "ही माती. अंघोळ केली तरी निघत नाही. हा माळी. माळी काय करतो?"

"भाजी लावतो!" पोरी एका सुरात म्हणाल्या.

"शाळेत जातो का?"

"नाही!"

वर्ग हसला. मीही हसलो. दात काढून हसलो.

ही अमरावतीतली गोष्ट. बायांना मास्तरीण करायची शाळा होती ती. मोठ्या बाई तिथल्या मुख्य, पुण्याकडच्या. खुर्चीवर इन्स्पेक्टर साहेब बसलेले. आणि फळ्यापाशी, खडू मुठीत दाबून, माझी बायको उभी. तुळसा. परीक्षा तिची होती.

आमचं गाव तिवशाच्या अलीकडे. पोरींची शाळा गावात होती, पण शिकवायला बाई नाही म्हणून तिला कुलूप लागलं. तुळसा माहेरी चार बुकं शिकलेली. एक दिवस शेत निंदता निंदता विळा खाली ठेवला आणि म्हणाली, "ते कुलूप मी उघडतो." भाऊबंद म्हणाले, माळ्याची बाई मास्तरीण होते काय? मी म्हणालो, होते. माझ्या हातून झालेलं तेवढंच एक शहाणपण.

ती बोर्डिंगात राहायची. मी बाजाराच्या दिवशी गाडी घेऊन अमरावतीले जायचो आणि बोर्डिंगाच्या मागच्या दारानं तिच्यासाठी मेथी, वांगी देऊन यायचो. तिथला चपराशी मला भाजीवालाच समजे. मी समजू दिलं.

ती एकदा चिडली. "समोरल्या दारानं काहून नाही येत तुमी? चोरी करून राहिले काय?"

"तुले कमीपणा नको यायले," मी म्हणालो.

"मले कशाचा कमीपणा? तुमालेच लाज वाटून राहिली." एवढं बोलून आत गेली. ते खरं होतं.

त्या शाळेत एक रीत होती. शिकणाऱ्या बाईनं खऱ्या वर्गावर पाठ घ्यायचा. बाकीच्या बाया मागं वह्या घेऊन बसायच्या आणि तिच्या चुका टिपायच्या. शेवटचा पाठ साहेबासमोर. तो पाठ जमला तर मास्तरीण, नाही तर घरी. तुळसाला विषय आला वांगं. वस्तू समोर ठेवून शिकवायचं, म्हणून त्याला वस्तुपाठ म्हणत. तिचं कार्ड आलं. गावच्या पोरांच्या शाळेतल्या मास्तरानं वाचून दाखवलं. वांग्याचं झाड आणा, मुळासगट.

आता मुळासगट म्हटल्यावर आम्ही माळी लोक मूळ उघडं करत नाही. मूळ उघडं पडलं की झाड मान टाकते. पहाटे मी मुळाभोवतीचं मोठं ढेकूळ धरून झाड उचललं, ओल्या पोत्यात बांधलं आणि गाडी हाकली. पोचलो तेव्हा पाठ सुरू व्हायचा होता. मागच्या दारी कुणी नाही. मग ते ओझं छातीशी धरून सरळ वर्गात शिरलो. पोतं सुटलं. सारवून रांगोळी घातलेल्या जमिनीवर काळी माती फदकन पडली.

"अरे, झाड आणायला सांगितलं होतं, तू शेत घेऊन आलास!" मोठ्या बाई म्हणाल्या. साहेब हसले. साहेब हसलेले पाहून बाईंना जोर आला. "थांब तिथंच. वांग्यापेक्षा हाच नमुना बरा आहे." आणि छडी घेऊन त्यांनी माझ्या टाचेपासून सुरुवात केली.

मग छडी तुळसाच्या हातात दिली. "आता तुम्ही घ्या पुढे. वस्तुपाठ नावापासून सुरू होतो. नाव विचारून मुलींना सांगा."

तुळसा गप्प.

"काय झालं? नाव विचारा त्याचं."

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यातही तिनं ते टाळलं होतं. सात वर्षं संसार झाला, पण माझं नाव तिच्या तोंडून आलं नव्हतं. मागच्या बाया वह्यांत लिहायला लागल्या. पेन्सिली चालल्याचा आवाज मला ऐकू येत होता. साहेबांनी घड्याळ काढलं.

मी डोळ्यांनीच तिला म्हणालो, भाजीवाला म्हण. सुटून जाशील. आणि तोंडावर माझं हसणं तसंच.

तुळसानं छडी टेबलावर ठेवली. डोक्यावरचा पदर सारखा केला. मग माझं नाव घेतलं. माझ्या बापाचं घेतलं, आडनावही घेतलं. म्हणाली, "हे माझे मालक आहेत. हे वस्तू नाहीत. वस्तू ते झाड आहे."

पेन्सिली थांबल्या. मोठ्या बाईंचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "मग आधी सांगायचं. बरं, यांना बाहेर उभं राहायला सांगा."

तुळसा माझ्याकडं बघत राहिली. माझं हसणं तेव्हा कुठं गळून पडलं. पाय दाराकडं वळले होते. सवयीनं. ते मी आवरले. पोरी तरटाच्या पट्टीवर बसल्या होत्या. त्यांच्या शेवटी मांडी घालून बसलो.

"बाई, पाठ चालू द्या," मी म्हणालो. "मी शाळेत गेलो नाही. मले वांगं शिकाचं हाय."

शेजारची पोर थोडी सरकली आणि मला जागा दिली.

तुळसानं पाठ घेतला. मूळ, खोड, पान, फूल, फळ. जन्मभर वांगी लावली, पण तिचा एक शब्द मी चुकू दिला नाही.

तिला नापास केलं. पुढच्या साली ती अकोल्याला गेली, दुसऱ्या शाळेतून पास झाली आणि गावचं कुलूप उघडलं. तिथं तिनं सव्वीस वर्षं शिकवलं. मला तिनंच वाचायला शिकवलं. वाचता यायला लागल्यावर मी तिची अमरावतीच्या त्या पाठाची वही काढली. खाली साहेबांनी शाईनं लिहिलेलं होतं, 'बाईंना वर्गाचा आब राखता येत नाही.' ती ओळ मी बोट ठेवून वाचली.

त्या दिवसानंतर तिनं माझं नाव पुन्हा घेतलं नाही. घेतलं ते मरताना. गेल्या पोळ्यानंतर, दुपारी. मी पाणी पाजत होतो. नावानं हाक मारली आणि विचारलं, "तुमी तवा हासले काहून?"

इतकी वर्षं तिनं ते पोटात ठेवलं होतं. मी तोंड उघडेपर्यंत ती गेली.

आता वाफ्यात बसलो की ऐकू येते. विहिरीवर ऐकू येते. नाव, आणि मागून तो प्रश्न. मी वळून पाहतो. वांगी उभी असतात.

तर ऐक तुळसा. माझा बाप देशमुखाच्या ओट्याखाली उभा राहून हसायचा. देशमुख आईवरून शिवी देई, तरी बाप हसे. हसलं की पुढचा फटका हलका बसते, हे मी त्याच्याकडं पाहून शिकलो. ती माझी शाळा. त्या शाळेत मी कधी नापास झालो नाही. म्हणून हसलो. तुझ्या परीक्षेत, तुझ्यासमोर, त्यांच्या बाजूनं हसलो.

आपली नात आता अमरावतीला मास्तरीण व्हायला चालली. तुझीच पेटी घेतली तिनं. काल कपड्यांच्या घड्या करता करता, माझ्याकडं न पाहता म्हणाली, "आबा, तुमी फाटकापाशीच थांबजा. मी जाईन आत."

तिला रागावलो नाही. फाटकापाशी थांबायचं मीच या घराला शिकवलं.

सोमवारी गाडी जुंपतो. पाय धुणार नाही. समोरल्या दारानं आत जाईन. नाव विचारतील, तू घेतलं होतं तसं सांगीन, बापासकट. कुणी हसलं तर हसो.

मी हसणार नाही.