सॉकेटमधलं कुंकू

“सॉकेटमंदी कुंकू आहे बे, पाय इकडं,” दुकानदार आतल्या कारागिराला म्हणाला. हळूच म्हणाला, पण भंडाऱ्याचं ते दुकान एवढंसं. मला ऐकू आलं, म्हणजे माझ्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या आईलाही आलंच असणार.

कारागीर भिंग घेऊन मदरबोर्डावर वाकला. मोबाईलच्या उजेडात मलाही दिसलं. केसांहून बारीक सोनेरी पिनांच्या रांगा, आणि मधोमध त्या आडव्या पडलेल्या, बांधीतून म्हैस गेल्यावर धान पडतं तशा. त्यांच्या बुडाशी लाल.

“कोनं बोट दाबलं इथं?” दुकानदारानं विचारलं.

मी बोर्डाकडे बघत राहिले.

आम्ही चिखल्याला खाणीच्या वसाहतीत राहतो. वडील भुयारी खाणीत उतरतात. मला मात्र त्यांनी पहिल्यापासून तुमसरच्या इंग्रजी शाळेत घातलं. त्यामुळे इंग्रजीत मला पुष्कळ वाचता येतं, आणि बोलता कुठल्याच भाषेत फारसं येत नाही. घरात कोणी काही विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: काही नाही.

कॉलेज संपल्यापासून घरीच आहे. गेमसाठी जागा बनवते. गल्ल्या, पडकी घरं, तळ्याचे काठ, ज्यांत दुसरं कोणी खेळेल. पुण्याच्या एका लहान कंपनीनं व्हिडिओवर माझी मुलाखत घेतली. दोन-चार वाक्यांपुढे मी गेले नाही. शेवटी पलीकडच्या बाई म्हणाल्या, बोलणं राहू दे, महिन्याभरात एक सीन बनवून पाठव, चांगला वाटला तर ये. मी तळ्याकाठचं एक गाव घेतलं. घरं, होड्या, वाळत घातलेली जाळी, असे तुकडे जुन्या लॅपटॉपवर केले. पण सगळे एकत्र उघडले की तो बंद पडायचा. वडिलांनी ते एकदा उभं राहून पाहिलं आणि कॉम्प्युटरला हो म्हटलं.

पार्ट मी आधीच निवडून ठेवले होते. कितीतरी संध्याकाळी त्यातच गेल्या होत्या. ठरलेल्या पैशांत ग्राफिक्स कार्ड मोठं घेतलं की प्रोसेसर एक पायरी खाली यायचा. प्रोसेसर वाढवला की पॉवर सप्लाय हलका घ्यावा लागायचा, आणि आमच्याकडे लाईट जशी येते-जाते त्यात तो हलका घेण्याची माझी हिंमत नव्हती. रंगीत दिव्यांचे पंखे सोडले. कॅबिनेट मात्र काढून धुता येईल अशा जाळीचं घेतलं, कारण खाणीची काळी धूळ आमच्याकडे कपड्यांच्या घडीतही जाते. आणि खरं सांगायचं तर मला त्यावर खेळायचंही होतं.

अशाच एका संध्याकाळी आई शेजारी तांदूळ निवडत बसली होती. “यात मेन काय असते वं?” तिनं विचारलं. त्या दिवशी मी काही नाही म्हटलं नाही. फोनवर फोटो मोठा करून दाखवला. “इथे प्रोसेसर बसतो. सगळं इथूनच चालतं.” आईनं पदराला हात पुसले, फोन हातात घेतला आणि बराच वेळ पाहिलं. मला बरं वाटलं होतं.

पार्ट आले त्या रविवारी मी पुढच्या खोलीत चटई टाकली. शेजारच्या काकू आणि त्यांची सून बघायला आल्या.

“याच्यात टीव्हीबी दिसते का वं?” सुनेनं विचारलं.

“नवरदेव पाह्याचा सोडून पोरगी डब्बे पाहून राहिली,” काकू म्हणाल्या, आणि तिघी हसल्या. आईसुद्धा.

मी सॉकेटवरचं झाकण काढलं, कडी वर केली आणि प्रोसेसरचा डबा उघडायला वळले. तेवढ्यात आई आतून पूजेचं ताट घेऊन आली. दरवर्षी दसऱ्याला ती वडिलांच्या हेल्मेटला आणि दिव्याला कुंकू लावते. गुळगुळीत हेल्मेटवर कुंकू धरत नाही म्हणून तिचं बोट दाबूनच लागतं. दुसऱ्या कोणी कॅबिनेटला लावलं असतं. आईनं सगळ्या पार्टांवरून नजर फिरवली आणि नेमकी ती जागा ओळखली.

“हेच ना? इथूनच चालते ना सारं?”

थांब, एवढंच म्हणायचं होतं. पण काकू बघत होत्या, आईचा चेहरा अभिमानानं फुलला होता, आणि माझ्या तोंडात शब्द यायच्या आधी तिचं बोट खाली गेलं.

मी ब्रशनं कुंकू झटकलं, बाकी सगळं नीट जोडलं. पंखे फिरले. स्क्रीन काळाच राहिला. पुन्हा उघडलं, पुन्हा जोडलं. आई दारातून विचारायची, “काय झालं?” मी म्हणायचे, काही नाही. मी बोर्ड भंडाऱ्याच्या दुकानात नेणार हे तिला कळलं तेव्हा तीच म्हणाली, “चाल, दोघी जाऊ.”

कारागिरानं सुईनं पिना उभ्या करायला घेतल्या. काही उभ्या झाल्या. मग एक तुटली, आणि त्यानं सुई खाली ठेवली.

“वॉरंटीत नाही बसत ताई,” दुकानदार म्हणाला. “दुसरा बोर्ड नागपूरवरून याले आठवडा लागन.” मग आवाज उतरवून, “पूजा आमीबी करतो. पन डब्ब्याच्या वरून.”

सीन सोमवारी द्यायचा होता. तो दिवस गुरुवार होता.

बसस्टँडवर आईनं बोर्ड पिशवीतून काढून मांडीवर घेतला आणि त्याला कुठेच हात लागू नये म्हणून चंदेरी पाकिटाची टोकं तेवढी धरली. मी पुण्याला लिहायची मेल मनात जुळवत होते. मशीन बंद पडलं, हे कारण सगळेच देत असतील. आणि सीन गेला नाही म्हणून सोमवारी तिथे कोणी विचारपूस करणार नव्हतं. तळं, होड्या, जाळी, सगळं तुकड्यांतच पडून राहणार होतं, आणि मी चिखल्यात.

तुमसरची बस लागली. लोक दाराकडे धावले. आई उठली नाही. पाकीट मांडीवर तसंच ठेवून तिनं उजव्या हाताचं बोट पदरात गुंडाळलं होतं.

“माह्यामुळं झालं का वं?”

काही नाही, हे ओठांवर तयारच होतं.

“हव, आई,” मी म्हणाले. “तुह्याच बोटानं.”