आमच्या सांदवाडीतली जागा

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. वाघांसाठी जंगलातलं आमचं गाव उठलं आणि बाहेर डांबरी रस्त्याला लागून नवीन वसलं, तेव्हा गावातल्या बाया महिना महिना रडत होत्या आणि मी त्यांच्यावर खेकसत होते. "रडून का गाव वापस येनार हाय? नळाले पानी आलं, लाईट आली, पोरं शाळेत चालले. हासा ना थोडं!" माझी माय तेवढी रडली नाही. जन्मभर चिखलात वाकून धानाचा रोवणा केलेली बाई ती. नव्या शेतात धान होईना, तर उतारवयात कापूस वेचायला शिकली. बोंडांनी बोटं ओरबाडून निघायची, तरी म्हणायची, "जमते वं. माणसाले सारं जमते."

मलाही जमलं. जंगल दाखवायला बायांना गाईड म्हणून घेणार असं कळलं, तशी मी सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिले. नवरा म्हणाला, वाघाच्या तोंडात जाशील. म्हटलं, तुमच्या मायजवळ इतकी वर्सं काढली, आता वाघाचं का घेऊन बसले! खाकी कपडे चढवले. पाखरांची नावं पाठ केली. नागपूर-पुण्याच्या पाहुण्यांसमोर 'बघा हं', 'हळू बोला' असं पुस्तकातलं बोलायला शिकले. चंद्रपूरला एका प्रशिक्षणात साहेबांनी मला पुढे बोलावलं आणि म्हणाले, बदल कसा स्वीकारायचा ते या ताईंकडून शिका. मीही काय काय बोलले! मागं पाहायचं नाही, हसत राहायचं, पुढं चालत राहायचं. टाळ्या पडल्या. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण मागं एक गोष्ट होती. माझ्या आधी मायला एक मुलगा झाला होता. अंगावर पिणारं लेकरू, तापानं गेलं. एवढ्या लहानग्याला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. त्याला घरामागच्या मोकळ्या जागेत, सांदवाडीत, मोहाच्या झाडाखाली पुरलं होतं. वर एक चपटा दगड. सणाला जे काही शिजेल त्याचा पहिला घास त्याचा, आणि तो नेऊन ठेवायचं काम माझं. "मेलेल्याले पयले अन् जित्याले मागून, हा कुठचा न्याय?" म्हणत मी पाय आपटत जायची. पोळ्याला तर त्याच्यापुढचा वडा उचलून तिथंच उभ्या उभ्या खाऊन टाकायची. मायला ते ठाऊक होतं. कधी बोलली नाही.

गाव सुटल्यावर घरं पाडली. एक-दोन पावसाळे गेले आणि तिथं पुरुषभर गवत माजलं. चितळं आली, त्यांच्या मागं वाघ आले. आज पाहुण्यांची सगळ्यात लाडकी जागा कोणती, तर आमचं गाव. रोज सकाळी माझी जिप्सी तिथं थांबते. सुरुवातीला मी रोज आमच्या मोहाकडे पाहून छातीला हात लावायची. गाडीतून उतरायला मनाई, म्हणून बसल्या बसल्याच. मग त्याच बाजूला एका वाघिणीनं पिल्लं दिली. पाहुणे नुसते वेडे झाले. ते बघा, झुडपाच्या डावीकडे, कान हलतायत बघा, असं करत माझे दिवस जायला लागले. पुढं एका वादळात तिकडची काही झाडं आडवी झाली. त्यात आमचा मोह होता का, हे मी पाहिलं नाही. पाहणं कधी बंद झालं, तेही मला सांगता येत नाही. कोणी बंद कर म्हटलं नव्हतं.

आमचा गावदेव मात्र अजून तिथंच आहे. वर्षातून एकदा, पौषात, त्याच्या पूजेला जाऊ देतात. गुडघ्यांमुळं माय कधी गेली नव्हती. यंदा तिनं हट्टच धरला. "मले एकडाव लेकराले भेटू दे. फिरून माह्यानं होनार नाई." गूळ-मुरमुरे पदराला बांधले आणि गाडीत बसली. डोळ्यांना आता अंधुक दिसतं तिला. सोबतच्या बायांनी विचारलं, जागा कशी सापडंल? तर म्हणते, "काऊन नाई सापडनार? माही पोरगी रोज येते इथी."

देवाची पूजा झाली. वनरक्षक ओळखीचा होता. लवकर या म्हणाला आणि काठी घेऊन आमच्यापुढं निघाला. माय माझा हात धरून गवतात शिरली.

"आली का सांदवाडी?"

मी थांबले. चारी अंगांनी गवत. मोह कुठंच नाही. विहीर बुजलेली. आमचं घर वाटेच्या ह्या अंगाला होतं की त्या? मी डोळे मिटून आठवायला लागले, तर सारं वाघिणीचंच आठवत होतं. इथं पाणी पिते, इथं उन्हाला बसते, इथून रस्ता ओलांडते. आमची पडवी काही केल्या डोळ्यांपुढं येईना.

"कुठी हाय वं?"

खोटं बोलावं, असं एकदा मनात आलं. कोणताही दगड दाखवला असता तरी तिला काय दिसणार होतं? पण जीभ उचलेना.

"माय, मले नाई सापडून राह्यलं."

"मस्करी करून राह्यली का?"

मी तिला धरून चार पावलं पुढं गेले आणि तिथूनच मागं वळले.

"तू त रोज येतेस ना वं इथी?" ती म्हणाली. रागावून नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

"येते," मी म्हटलं. तेवढं बोलताना मला माझी जेवढी लाज वाटली, तेवढी जन्मात कधी वाटली नव्हती.

वनरक्षक हाका मारायला लागला होता. मायनं पदराची गाठ सोडली. वाकून, हातानं गवत चाचपडून, थोडा गूळ आणि मुरमुरे तिथं ठेवले. गुडघ्यावर हात देऊन उठली, थोडं पुढं गेली, तिथंही ठेवले. मग आणखी पुढं. मी मागून चालत होते. दर ठिकाणी ती एकच बोलत होती.

"खाय बाबू. तुही बहीण घेऊन आली मले."