बाहेर जाणाऱ्या पत्रिकेची तपासणी

माझ्या बायकोच्या वर्षश्राद्धाच्या पत्रिकेनं आमच्या भावकीतले सगळे कॉम्प्युटर एका सकाळीत आडवे केले. भावकीचं म्हणणं, म्हाताऱ्यानं माफी मागावी. मी मागितली नाय. मागणार बी नाय.

आधी कारण ऐका. पारू गेली ती दुष्काळात. तिच्या तेराव्याच्याच दिवशी पडेगावात लई दिवसांनी टँकर आला, आणि निम्मी माणसं ड्रम घेऊन रांगेत. दोष देत नाय, पाणी ते पाणी. पण जिनं अख्ख्या भावकीची बाळंतपणं काढली, तिच्या तेराव्याला पंगतीत चौदा माणसं! (त्यातले दोघं टँकरवाले. त्यांना मीच हाताला धरून आणलं होतं.) तवाच मनाशी बांधलं, वर्षश्राद्धाला अंगण भरलं पाहिजे.

पण माणसं गाठायची कुठं? ज्या माळावर मी मेंढरं चारली तिथं आता चार मजली बिल्डिंगा, आणि मेंढक्यांची पोरं शहरात खुर्चीवर. पुतण्या भगवान म्हणाला, काका, दारोदार कशाला फिरता, पत्रिका मेल करा, एका बटनात सगळ्यांना पोचंल. आमची सून सारिका घरीच क्लासवाल्यांचं टायपिंग करती, कॉम्प्युटर तिचाच. क्रांती चौकातल्या एका दुकानात पत्रिका बनवून पेन ड्राईव्हवर घेतली. पारूचा एकच फोटो, तो बी कुणाच्या तरी लग्नातला. कापूनकुपून तिच्या खांद्यापाशी कुणा बाईचं कोपर राहिलंच. म्हटलं राहू द्या, तेवढीच सोबत.

सारिकानं सगळ्यांची नावं टाकली, पत्रिका जोडली, बटन दाबलं. पडद्यावर लाल पाटी.

"मामा, अँटीव्हायरसनं अडवलं," ती म्हणाली. "बाहेर जाणारी मेल ते आधी तपासतं. पत्रिकेच्या फायलीत व्हायरस हाय म्हणतंय. दुकानातनंच आला असंल."

"व्हायरस म्हंजे?"

"रोगच समजा. एका कॉम्प्युटरचा दुसऱ्याला लागतो."

माझं टाळकं सरकलं. "तुझी सासू दम्यानं गेली. दमा कुणाला लागत नसतो."

तिनं परत समजावलं. फाईल दुरुस्त होत नाय म्हणून त्या अँटीव्हायरसनं ती वेगळी काढून ठेवलीय, दुकानातनं दुसरी करून आणू. दुसरी कशाला? ज्या पत्रिकेवर माझ्या बायकोचा फोटो, ती वेगळी बसवणारा हा कोण? राखणीचं कुत्रं बाहेरनं येणाऱ्यावर भुंकतं. घरातनं निघालेल्याचीच तंगडी धरणारं कुत्रं मी जन्मात पाळलं नाय. सारिकानं मला बजावून सांगितलं की मामा, ह्या बटनानं तपासणी बंद होती, ह्या बटनानं फाईल सुटती, दोन्हीला हात लावू नका. तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला आणि ती ड्रम घेऊन पळाली.

हात लावू द्यायचा नव्हता तर बटनं दाखवायची कशाला?

मी आधी कुत्रं बांधलं, मग पत्रिका सोडली. सुर्रकन गेली. चौथी नापास माणसानं कॉम्प्युटरला नमवलं म्हणून मी मिशीवरनं हात फिरवत बसलो.

पहिला फोन भगवानचा. त्यानं पत्रिका उघडली आणि ती त्याच्या कॉम्प्युटरवरनं आपोआप अख्ख्या हापिसात गेली. साहेबाला तर एकामागून एक येतच राहिल्या. साहेब विचारत होता, ह्या पार्वताबाई कोण, आणि त्यांच्यासंगं हे कोपर कुणाचं?

मग एकेक भाऊबंद. कुणाचं दुकान बंद, कुणाची फॅक्टरीतली मशीन ठप. मी सगळ्यांना एकच सांगत होतो, ओरडून झालं असलं तर मंगळवारी जेवायला या, राहिलेलं तोंडावर ओरडा.

शेवटचा फोन मेव्हण्याचा. रंगनाथचं फर्दापूरला लॉज हाय. "दाजी," तो म्हणाला, "लेणी बघून गेलेल्या सगळ्या परदेशी पाहुण्यांना अक्काच्या श्राद्धाचं आवतन गेलंय. एका जपानी बाईनं विचारलंय, कसले कपडे घालून यायचं."

सारिका आली ती भिजलेल्या पदरानं. तिनं पडदा बघितला, मग मला. आवाज चढवला नाय. एवढंच म्हणाली, "मामा, आत्याबाईंनी खुरकुतीचं मेंढरू बाजारात नेऊ दिलं असतं का?"

मी उठून खुर्ची तिला दिली.

मागं एका दुष्काळात चारा संपला होता. मेंढरांना खुरकूत लागलेली, तोंडातनं लाळ गळती, तरी मी बाजारात न्यायला निघालो होतो. पारू मेंढवाड्याच्या तोंडाशी आडवी बसली. म्हणाली, आपल्यात मरतील ती मरू दे, दुसऱ्याच्या कळपात मरण सोडायचं नाय. दिवसभर उठली नाय. मी तिला काय काय बोललो होतो ते इथं लिहीत नाय.

मंगळवारी अंगण भरलं. झाडून सगळी भावकी आली, माझी खरडपट्टी काढायला. (पोरांनो, पत्रिका नुसती वाचून ह्यातले किती आले असते? मी बी तेच म्हणतो.) पारूच्या फोटोला हात जोडायला रांग लागली. भात दोनदा टाकावा लागला.

जेवणं उरकल्यावर पाहुण्यांना रस्त्यापर्यंत पोचवावं म्हणून मी चप्पल घातली, तर रंगनाथ फाटकात हात पसरून उभा. "थांबा, दाजी. बाहेर जाणारं आधी तपासून सोडायचं असतं."

अंगण हसलं. वर्षात पहिल्यांदा. मी मान ताठ ठेवून दोन्ही हात वर केले. सारिका पुढं आली, मला नखशिखांत न्याहाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामांचं काय दुरुस्त होत नाय. वेगळंच ठेवावं लागंल."

तवापासून मी ओट्यावर असतो.